लेंडी, उकिरडा आणि फुटकं मडकं

लेंडी म्हणजे काय, हे सोमवारी सकाळी मला पुण्याच्या माणसाला फोनवर समजावून सांगावं लागलं.

"मॅडम, ही लेंडी काय आहे?"

"शेळी मागून टाकते ते, सर."

"सॉरी?"

"लहान लहान काळ्या गोळ्या असतात. खत होतं त्याचं."

तिकडून टकटक टाइप केल्याचा आवाज. "आणि उकिरडा?"

"जिथं ती लेंडी टाकतात ती जागा."

"म्हणजे टाकाऊच ना सगळं? प्रकारात पण टाकाऊच लिहिलंय. मग ठीक आहे, शुक्रवारी संध्याकाळी हे सगळं कायमचं पुसलं जाईल. बॅकअपसकट." आणि फोन ठेवला.

माणूस वाईट नव्हता. कृष्णराज नाव. ज्या संस्थेच्या मदतीवर आमच्या कंपनीचं क्लाऊड चालतं, तिथला सुरक्षेचा माणूस. पण मला त्याचा राग आला, कारण पुण्यातली माणसं प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं असतं.

आमची कंपनी म्हणजे शेळ्या पाळणाऱ्या बायकांची कंपनी. टाय लावलेलं कुणी नाही. सास्तूर, माकणी, येडशी आणि आजूबाजूची आणखी गावं. उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं तेच राहिलं, तिला कुणी विचारलं नाही. या बायकांनी कित्येक वर्षं एक काम चिकाटीनं केलं: कुठली शेळी कुणाच्या पोटची, बाप कुठला बोकड, जुळी किती वेळा दिली, दूध किती, फोटो, सगळं मोबाइलवर भरत राहिल्या. आणि हे का, ते नीट समजून घ्या. वंश माहीत नसलेला बोकड बाजारात खाटकाच्या काट्यावर चढतो आणि किलोच्या भावानं जातो. वंश माहीत असलेला बोकड पैदाशीला जातो, म्हातारा होईस्तोवर जगतो, आणि त्याच्या मालकिणीला लोक नावानं ओळखतात. एवढा फरक. येत्या रविवारी बाहेरच्या राज्यातले पैदासवाले पहिल्यांदा बोकड न्यायला सास्तूरला येणार होते. वंश स्क्रीनवर बघून नेणार होते. स्क्रीनवर काही नसलं तर रिकाम्या टेम्पोनं परत जाणार होते, आणि बोकड काट्यावर.

त्या बोकडांत एक माझ्या अम्मीचा होता.

मी निखत. या कंपनीचं क्लाऊड सांभाळायला लागून मला महिनाही झाला नव्हता. कॉलेज अर्ध्यात सुटलं, बाकीचं मोबाइलवर फुकटचे व्हिडिओ बघून शिकले. माझ्या आधी सोमेश होता. इथलाच पोरगा, हुशार. सगळं उभं केलं आणि बेंगळुरूला नोकरी लागली तसा पळाला. पळाला याचा राग नाही, मीही पळाले असते. काहीही लिहून न ठेवता पळाला, याचा आहे.

क्लाऊड म्हणजे ढगबिग काही नाही. कुठंतरी दुसऱ्याची मोठाली मशिनं असतात, त्यांच्यावर आपण भाड्यानं जागा घ्यायची. त्या जागेच्या प्रत्येक कप्प्याला, प्रत्येक मशिनीला बिल्ला लावता येतो, टॅग. शेळीच्या कानात पिवळा बिल्ला असतो ना, अगदी तसा. फरक इतकाच की शेळीला कान दोन, आणि इथं एकेका कप्प्याला हवे तितके बिल्ले. कृष्णराजनं आम्हाला 'पहारा' नावाचं एक सॉफ्टवेअर लावून दिलेलं. त्यात शोधायची चौकट आहे. बिल्ल्यावर काय लिहिलंय ते टाकलं की त्या बिल्ल्याचं सगळं समोर हजर. आणि कुठं कुणी चोरटा घुसला, कुठलं दार उघडं राहिलं, ते पहारा लाल करून दाखवतो. आत काय ठेवलंय ते मात्र दाखवत नाही. दाखवूही नये.

झालं असं होतं की, सोमेशनं सरावासाठी उभ्या केलेल्या कुठल्यातरी मशिनीचं दार उघडंच राहिलेलं. त्यातून कुणी परका आत शिरून स्वतःची कामं करून घेत होता. पहाऱ्यानं ते पकडलं. म्हणून कृष्णराजनं नियम लावला: 'प्रकार: टाकाऊ' असा बिल्ला असलेलं सगळं शुक्रवारी साफ. रास्तच होतं. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

मी चौकटीत 'प्रकार: टाकाऊ' टाकलं.

धबाधबा खाली येत गेलं. उकिरडा. लेंडी. फुटकं मडकं. भंगार. खरकटं. जळमट. चिंधी. मग मी उलटं करून बघितलं, टाकाऊ नसलेलं काय आहे? कंपनीच्या वेबसाइटचं एक चित्र आणि सोमेशचा स्वतःचा पासपोर्ट साइज फोटो.

इतक्या शेळ्या, इतक्या वर्षांचे फोटो, मग ते आहेत कुठं?

सोमेशला फोन लावला.

"अरे बाबा, शेळ्यांचं सगळं कुठल्या कप्प्यात हाय?"

"त्याच्यातच की."

"त्याच्यातच म्हंजी? लेंडीत?"

सोमेश हसायला लागला. "कोंडाबाईंनी लिहायला लावलं गं. म्या चांगलं 'मौल्यवान' लिहिलं होतं, त्यांनी माझ्या डोक्यावर बसून पुसायला लावलं. गावागणिक एक कप्पा, आणि नाव ज्या त्या गावच्या बायकांनी ठेवलं. मग मला बी मजा वाटली, माझ्या सरावाच्या मशिनींना म्या बी तसलीच नावं दिली."

"मग कुठलं त्यांचं आणि कुठलं तुझं?"

"आता ते कुठं आठवतंय, निखत."

मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. छापलं जाणार नाही.

कोंडाबाई आमच्या अध्यक्ष. साठीच्या पुढच्या, कानात जड बुगड्या, चालताना पायाखालची जमीन दबावी असं चालणं. त्यांच्या आधी दोन भावंडं झाली आणि गेली, म्हणून ही झाली तेव्हा आजीनं शेजारणीला सूपभर कोंडा देऊन तिला विकत घेतल्यासारखं केलं आणि नाव ठेवलं कोंडाबाई. कोंडा काय, जनावरापुढं टाकायची चीज. त्याच्याकडं कोण डोळे वर करून बघणार? कोंडाबाई जगल्या. अशी माणसं गावागावांत आहेत, आमच्यातही आहेत. आमच्यात नजर म्हणतात, त्यांच्यात दृष्ट. भीती तीच.

तर या बाईनं क्लाऊडलाही तेच केलं होतं. सगळ्यांत मोलाची चीज होती, म्हणून सगळ्यांत घाण नाव.

घरी आले. आमचं घर सास्तूरला, भूकंपानंतरच्या पुनर्वसनातलं, दोन खोल्या आणि पुढं अम्मीनं ओढलेलं पत्र्याचं छप्पर. त्याखाली शेळ्या. अम्मी, फातिमाबी, बोकडाला पाला घालत होती.

"अम्मी, आपल्या गावच्या कप्प्याचं नाव काय ठेवलं होतं गं?"

"कायको पुछ रही?"

"सांग ना."

अम्मीनं इकडं तिकडं बघितलं, जसं काही कुणी ऐकेल. "उकिरडा. मीच सुचवलं." मग जरा अभिमानानं, "माकणीवाल्यांनी आमच्यापेक्षा घाण ठेवलं म्हणे. सिद्धम्मा लई चढाओढीची बाई."

म्हणजे चढाओढ होती! कुणाचं नाव जास्त घाण याची. मी कपाळाला हात लावला आणि हसूही आवरेना.

दुसऱ्या दिवशी कोंडाबाईंना स्कूटीवर मागं बसवून माकणीला निघाले. धरणाच्या अंगानं रस्ता, दोन्हीकडं तूर. त्यांना वाटेत सगळं सांगितलं. शुक्रवारी काय होणार, रविवारी काय होणार नाही. त्या मागून एवढंच म्हणाल्या, "हळू चालव. खड्ड्यात घालशील तर शुक्रवार बी बघायचा न्हाय."

सिद्धम्माच्या ओसरीवर बायका जमल्या. चहा झाला. मी विचारलं, तुमचा कप्पा कुठला? सगळ्या सिद्धम्माकडं बघायला लागल्या आणि सिद्धम्मा पदरात तोंड घालून हसायला लागली.

"लेंडी," एकीनं सांगून टाकलं.

"सास्तूरवाल्यांनी काय ठेवलंय?" सिद्धम्मानं कोंडाबाईंना विचारलं.

"उकिरडा."

"इतकंच? आम्हाला वाटलं काय तरी दम असंल."

"तुमची लेंडी शेवटी आमच्याच उकिरड्यात येऊन पडती, सिद्धम्मा," कोंडाबाई म्हणाल्या आणि ओसरीवर जो हशा पिकला, त्यानं दावणीची शेळी दचकून उठली.

तिथूनच येडशीच्या उमादेवींना फोन लावला. "फुटकं मडकं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं जरा सभ्य बायका हायत." बाकीच्या गावांतही फोन फिरले. भंगार एका गावाचं निघालं, जळमट दुसऱ्याचं. खरकटं सोमेशला आठवलं, ते त्याचंच. राहिली चिंधी. चिंधी माझी, असं कुणीच म्हणेना. सोमेशलाही सांगता येईना.

"आता सोपं हाय," मी म्हणाले. "आपलं कुठलं ते कळलं. प्रकारातलं 'टाकाऊ' काढायचं, 'मौल्यवान' लिहायचं. पुण्याचा नियम त्याला हात लावणार नाही. बदल करायला अध्यक्षांची मंजुरी लागती. तुमच्या फोनवर ओटीपी येईल, तेवढा सांगा."

मी बदल टाकला. कोंडाबाईंचा फोन टुंग करून वाजला. त्यांनी तो उचलला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि कंबरेला खोचला.

"सांगा ना, मावशी."

"न्हाय."

"अहो, काय न्हाय?"

"बँकवाल्यानं सांगितलंय, ओटीपी कुणाला म्हणून द्यायचा न्हाय."

बायका फिसकन हसल्या, पण कोंडाबाई हसत नव्हत्या. मग माझ्या लक्षात आलं की ही थट्टा नाही.

"मौल्यवान लिहायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या आधीच्या दोघांची नावं लई चांगली होती, निखत. माझ्या आईनं हौसेनं ठेवली होती. गेली दोघं. मग कोंडा ठेवला, कोंडा राहिला. तुझ्या पुण्यवाल्याला जे पुसायचं ते पुसू दे. म्या तोंडानं चांगलं नाव घेऊन माझ्या हातानं मारणार न्हाय."

"पण मावशी, न घेतल्यानंच मरतंय!" मी ओरडले. वडीलधाऱ्या बाईवर ओरडू नये, पण ओरडले. "शुक्रवारी सगळं जाईल, रविवारी टेम्पो रिकामा जाईल, आणि आमच्या अम्मीचा बोकड सोमवारच्या बाजारात काट्यावर लटकेल! तुमचा बी! ह्या सगळ्यांचे! कुणाची दृष्ट लागून नव्हं, तुमच्या एका ओटीपीपायी!"

कोंडाबाईंच्या तोंडावरची रेष हलली नाही. पण कंबरेचा फोन त्यांनी मुठीत धरून ठेवला. त्यांना कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. दोन्ही बाजूंनी मरण दिसत होतं आणि त्यांनी एकाच बाजूचं मरण पाहिलेलं होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीत सिद्धम्माची नात रडायला लागली. सून आतून म्हणाली, "आले गं काळे, आले."

सगळ्यांनाच काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी विचारलं, "काळी नाव ठेवलंय?"

"हाकेचं काळी," सिद्धम्मा म्हणाली. "पाळण्यातलं येगळं हाय. शिवप्रिया. ते कागदावर, शाळेत घालताना. घरात कुणी घेत न्हाय, मोठी होईस्तोवर. कानात सांगितलंय तिच्या, बास."

मी उठून उभी राहिले. उठून उभी राहिले आणि चहाचा कप लवंडला, तोही उचलला नाही.

"मावशी," मी म्हणाले, "टाकाऊ काढायचंच नाही. राहू दे. लेंडी लेंडीच राहील, उकिरडा उकिरडाच. दुसरा बिल्ला लावू. पाळण्यातलं नाव. एका कप्प्याला कितीबी बिल्ले लावता येतात! हाक मारायला टाकाऊ, आणि कानात दुसरं."

कोंडाबाईंनी वर बघितलं. "कोण वाचंल ते?"

"पहारा वाचंल. आणि पुण्याचा माणूस. बास."

"त्यो पुण्याचा कसा हाय? डोळा वाईट हाय का त्याचा?"

"चष्मा हाय त्याला."

त्या विचारात पडल्या. बायका एकमेकींकडं बघत होत्या. सिद्धम्मानं कोंडाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग असं नुसतं बटन दाबून न्हाय," शेवटी कोंडाबाई म्हणाल्या. "पाळण्यातलं नाव ठेवायचं तर रीतसर बारसं करायचं. तेव्हा ओटीपी सांगते. एकेकाच्या बारशाला एकेक."

आता पुण्याला पटवायचं होतं. संध्याकाळी कृष्णराजला फोन केला. मनात पक्कं ठरवून केला की हा हसला तर याला सोडायचं नाही. मी सगळं सांगितलं. कोंडा, दोन भावंडं, लेंडी, पाळण्यातलं नाव. तो ऐकत राहिला.

"म्हणजे माझा नियम असा करायचा," तो म्हणाला, "की प्रकार टाकाऊ असेल आणि पाळणा नावाचा बिल्ला नसेल, तरच पुसायचं."

"व्हय."

"होईल. दोन अटी लावायला काही अडचण नाही." मग थोडा घुटमळला. "ऑडिटवाले विचारतील, मौल्यवान वस्तूवर टाकाऊ का लिहिलंय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच पुढं म्हणाला, "सांगेन काहीतरी. आमच्या सर्व्हर रूमच्या दारावर लिंबू-मिरची आहे. दर शनिवारी बदलतो आम्ही. खाली चिठ्ठी चिकटवलीय, साफसफाई करताना काढू नये. तिच्याबद्दल अजून एकाही ऑडिटवाल्यानं विचारलेलं नाही."

माझा साठवून ठेवलेला राग तसाच हातात राहिला. कुठं ठेवावा कळेना. अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "तेरा गुस्सा बकरी को खिला, पाला वाचंल."

राहिली चिंधी. ती कुणाची, हे ठरल्याशिवाय मला झोप नव्हती. एखाद्या गावाचा कप्पा विसरला असेल आणि पुसला गेला, तर? मग मी बुधवारी पहाऱ्यात चिंधीवरच बसले. आत दिसत नाही, पण कोण येतं-जातं ते दिसतं. आमच्या बायकांचं मोबाइलचं ॲप उकिरड्याशी बोलतं, लेंडीशी बोलतं, फुटक्या मडक्याशी रोज बोलतं. चिंधीशी आमच्याकडचं कुणीच कधी बोललेलं नव्हतं. तिच्याशी बोलत होते ते कुठल्या कुठल्या देशातले अनोळखी पत्ते. दार उघडं राहिलेली मशीन हीच. कप्पा नव्हताच तो, चोराची ओसरी होती.

"चिंधीला पाळणा नाही," मी कृष्णराजला कळवलं. "तिला खुशाल पेटवा."

गुरुवारी बारसं झालं.

कंपनीचं ऑफिस म्हणजे सास्तूरमध्ये एक खोली, एक टेबल आणि औषधाच्या बाटल्यांचं कपाट. माकणीच्या बायका टमटम करून आल्या. सिद्धम्मानं नातीचा लाकडी पाळणा आणला, टमटमच्या टपावर बांधून. त्यात जुनं मऊ लुगडं अंथरलं आणि माझा लॅपटॉप ठेवला. उमादेवी येडशीहून व्हिडिओ कॉलवर. त्यांना भिंतीला टेकवून उभं केलं. त्या ओरडून ओरडून सांगत होत्या, "मला पाळणा दिसंना! मला नुसता पंखा दिसतोय!"

"आता आत्या कोण?" कुणीतरी विचारलं. बारशाला आत्या लागते, तीच बाळाच्या कानात नाव सांगते.

"आत्या म्हंजी निखत," कोंडाबाई म्हणाल्या. "रोज तीच करलालीय त्याचं."

"मी? मावशी, आमच्यात..."

"तुमच्यात बी आत्या असती की न्हाय?"

असते. मी पाळण्याजवळ वाकले. आणि मग आठवलं, आत्यानं कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं की मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. रीत आहे. इतका वेळ मागं उभ्या असलेल्या त्या सगळ्या बायका बाह्या सावरताना दिसल्या. त्यात माझी अम्मी सगळ्यांत पुढं.

पहिला उकिरडा. कोंडाबाईंनी माझ्या कानात नाव सांगितलं. मी लॅपटॉपवर वाकून, स्पीकरच्या जाळीपाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आणि तेच पाळणा बिल्ल्यावर टाइप केलं. पाठीत धपाधप. कोंडाबाईंचा फोन टुंग. त्यांनी कंबरेचा फोन काढला, लांब धरला आणि आकडे असे म्हटले जसं काही मंगलाष्टकं. बिल्ला लागला. पहाऱ्यात उकिरड्यापुढची लाल रेष हिरवी झाली.

"झाली का?" अम्मी.

"झाली."

अम्मीनं माझ्या गालांवरून हात उतरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. आणि परत धपाटा घातला, यावेळी काही कारण नसताना.

मग लेंडी. सिद्धम्मा नाव सांगताना इतकी हसली की मला तीनदा विचारावं लागलं. मग फुटकं मडकं, उमादेवी व्हिडिओवरून नाव सांगायला लागल्या तशा सगळ्या एकदम ओरडल्या, "मोठ्यानं नगो! मोठ्यानं नगो!" शेवटी त्यांनी लिहून पाठवलं. भंगार, जळमट, बाकीची गावं. प्रत्येक वेळी कुर्रर्र, प्रत्येक वेळी धपाटे, प्रत्येक वेळी ओटीपी. माझी पाठ पार शेकून निघाली. वाटेत एकदा लॅपटॉपची बॅटरी संपत आली तर सिद्धम्मा म्हणाली, "बाळाला भूक लागली," आणि चार्जर लावला.

ती नावं काय, ते मी सांगणार नाही. कोंडाबाईंनी शपथ घातलीय. इतकंच सांगते की इतकी सुंदर नावं मी माणसांचीही ऐकली नाहीत. घाणीत चढाओढ करणाऱ्या याच बाया, कानात सांगायची वेळ आली तेव्हा कुठून काढली ही नावं, देव जाणे.

घुगऱ्या वाटल्या. पुण्याच्या एका अहवालात आमच्याबद्दल एक वाक्य आहे, 'वापरकर्त्यांमध्ये जागरूकता कमी.' ते वाक्य लिहिणाऱ्याला या खोलीत आणून बसवायला हवं होतं, घुगऱ्यांची वाटी हातात देऊन. जागरूकता कमी म्हणे. या बायका दृष्टीला घाबरून वर्षानुवर्षं पहारा देत होत्या, तुमचा पहारा येण्याच्या कितीतरी आधी.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात कोंडाबाई, अम्मी आणि मी. कृष्णराज फोनवर. त्यानं नियम चालू केला.

पहाऱ्याच्या पडद्यावर नावं एकेक करून उजळत गेली. नियम एकेकापाशी थांबत होता, बिल्ले बघत होता. खरकटं, पुसलं. चिंधी, पुसली. सोमेशचा पासपोर्ट फोटो टाकाऊ नव्हता म्हणून वाचला. मी म्हणाले, तो पण पुसा, पण कृष्णराज म्हणाला नियमात बसत नाही. मग उकिरडा. थांबला. अम्मीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. नियम पुढं सरकला. उकिरडा जागेवर. लेंडी जागेवर. फुटकं मडकं जागेवर.

"संपलं," कृष्णराज म्हणाला. "सगळे आहेत."

कोंडाबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "सायेब, रविवारी या जेवायला. आणि येताना त्यो चष्मा नीट पुसून या, पण आमच्या शेळ्यांकडं जास्त बघू नगा."

रविवारी सास्तूरच्या मैदानात दावणी लागल्या. पैदासवाले टेम्पो घेऊन आले. पुढचा माणूस उंच, जाड मिशा, डोक्याला फेटा. दोन-चार वाक्यं हिंदीत बोलायचा, पुढं हातानंच सगळं सांगायचा. मी लॅपटॉप घेऊन बोकडांच्या रांगेतून त्याच्यासोबत फिरत होते. कानातला बिल्ला वाचायचा, स्क्रीनवर टाकायचा, आई, बाप, आजी, पणजी, सगळं समोर. तो बोट लावून एकेक पिढी बघत होता आणि मान हलवत होता. वंश बघून मान हलवणारा माणूस आमच्या बाजारात कधी कुणी पाहिला नव्हता. पाठीमागून बायकांची रांग चालत होती.

तो अम्मीच्या बोकडापाशी थांबला. बोकड होताच तसा. काळाभोर, कान खांद्यापर्यंत, पाठ सरळ, अंगावर चकाकी. त्या माणसानं पाठीवरून हात फिरवला, दात बघितले, स्क्रीन बघितला आणि दोन्ही हात वर करून मोठ्यानं म्हणाला, "वाह! क्या खूबसूरत जानवर है!"

"कुठलं खूबसूरत!" अम्मी किंचाळली. "मरतुकडं हाय!"

"रोगट हाय वो!" कोंडाबाई.

"लंगडतंय बी!" सिद्धम्मा. "बघा की, मागचा पाय!"

"डोळ्यानं बी अधू हाय!" मागून कुणीतरी.

बोकड चारही पायांवर ठणठणीत उभा राहून पाला चावत होता. तो माणूस घाबरून मागं सरला. एकदा बोकडाकडं बघितलं, एकदा बायकांकडं, मग माझ्याकडं. आयुष्यात त्यानं मालाची तारीफ करणारे विकणारे पाहिले असतील, स्वतःच्याच मालाला शिव्या घालणारे पहिल्यांदाच पाहत होता.

"बेटी," तो हळूच म्हणाला, "ये लोग बेचना नहीं चाहते क्या?"

"चाहते हैं," मी म्हणाले. "बस, आप तारीफ मत कीजिए. गाडीत चढेपर्यंत."

त्यानं क्षणभर विचार केला. मग मिशीवरून हात फिरवला, बोकडाकडं तुच्छतेनं बघितलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बिलकुल बेकार है. घटिया. ले जाता हूँ."

अम्मीच्या तोंडावर जे हसू फुललं, ते मी लहानपणापासून बघितलं नव्हतं.